सार्वजनिक ग्रंथालयात शिवण-गट सुरू करताना: पहिल्या अर्जापासून पहिल्या दुपट्यापर्यंत

आपल्या गावात किंवा पेठेत एखादे सार्वजनिक ग्रंथालय असेल आणि आठवड्यातून एकदा चार जणींनी, किंवा चार जणांनी, एकत्र बसून शिवणकाम, भरतकाम, क्रोशाचे विणकाम करावे असे तुमच्या मनात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आमचा गट अशाच एका ग्रंथालयाच्या वाचनकक्षात भरतो. गट उभा करताना कोणाकडे जावे, काय लिहून द्यावे, पहिल्या दिवशी काय शिवायला घ्यावे, याची माहिती एका ठिकाणी कुठेच मिळाली नव्हती, म्हणून ती येथे क्रमाने मांडत आहे. माझे एक ठाम मत आधीच सांगते: ग्रंथालयातील शिवण-गट टिकतो तो ग्रंथालयाचा होऊन राहिला तरच. केवळ फुकटची जागा म्हणून ग्रंथालयाकडे पाहणाऱ्या गटाला त्या जागेत फार दिवस कोणी ठेवून घेत नाही आणि त्यात ग्रंथालयाचेही काही चुकत नाही.

१. ग्रंथालय कोणाचे आहे, ते आधी पाहा

महाराष्ट्रातील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये ही सरकारी कार्यालये नसून लोकांनी स्थापन केलेल्या नोंदणीकृत संस्था आहेत, आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली त्यांना शासनाची मान्यता व अनुदान मिळते. एवढे लक्षात घेतले तरी निम्मा गोंधळ टळतो. खोली वापरण्याची परवानगी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे मागायची नसते. ती संस्थेच्या कार्यकारी मंडळाकडे मागायची असते आणि पत्रव्यवहार कार्यवाहांच्या नावे करायचा असतो. ग्रंथालय नगरपरिषदेचे किंवा महानगरपालिकेचे असेल, तर मात्र अर्ज त्या कार्यालयाकडे जातो आणि मंजुरीला अधिक वेळ लागतो.

ग्रंथालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग असतात. अ वर्गाच्या ग्रंथालयात सभागृह, बालविभाग, स्वतंत्र अभ्यासिका असण्याची शक्यता असते. ड वर्गाचे ग्रंथालय पुष्कळदा एकदोन खोल्यांतच चालते. लहान ग्रंथालय असेल तर नाउमेद होऊ नका. खोली लहान असली की ग्रंथपालांशी रोज बोलणे होते आणि निर्णय लवकर होतात. जाऊन पाहताना तीन गोष्टी टिपून घ्या: खिडकीजवळ किती जणी बसू शकतील, स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे का, आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी कोणत्या खोलीत बसतात.

२. वेळ ठरवताना कर्मचाऱ्यांचा विचार करा

बरीच ग्रंथालये सकाळी व संध्याकाळी उघडी असतात आणि दुपारी बंद असतात. शिवणकामासाठी दुपारची वेळ सर्वांत सोयीची, कारण घरची कामे आटोपलेली असतात आणि उजेडही चांगला असतो. पण दुपारी ग्रंथालय उघडायचे तर कोणाला तरी थांबावे लागते. ग्रंथालय कर्मचाऱ्यांचे वेतन मुळातच तुटपुंजे असते. त्यांनी आपल्यासाठी जेवणाची सुट्टी सोडून विनामोबदला थांबावे, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. यावर दोनच सरळ मार्ग आहेत. एक तर ग्रंथालयाच्या नेहमीच्या वेळेतलाच कमी वर्दळीचा तास निवडावा. नाहीतर कार्यकारी मंडळाने गटातील एका व्यक्तीकडे किल्ली लेखी नोंद करून द्यावी आणि तिने कुलूप लावल्यावर ती त्याच दिवशी परत करावी. तोंडी व्यवस्थेवर किल्ली स्वीकारू नका. एखादे पुस्तक हरवले तर संशय आधी किल्ली असणाऱ्यावर येतो.

३. यंत्र की हात?

नवख्या गटांचा पहिला हट्ट शिलाई यंत्राचा असतो. माझा सल्ला असा, की निदान पहिले वर्ष यंत्र आणू नका. यंत्राचा खडखडाट आणि टेबलाची थरथर शेजारच्या अभ्यासिकेत पोहोचते, आणि परीक्षा तोंडावर आलेल्या मुलांची तक्रार रास्तच असते. यंत्राचे तेल पुस्तकाच्या पानाला लागले तर तो डाग निघत नाही. शिवाय यंत्र एक असले की एक जण शिवते आणि बाकीच्या पाहत बसतात. हातशिलाईत मात्र प्रत्येकीच्या हातात काम असते, बोलणे ऐकू येते आणि कोणी मोठ्याने वाचले तर तेही ऐकू येते. फॉल लावणे, गळ्याला हेम घालणे, रफू करणे, बटणे आणि काजे, गोधडी, कशिदा, क्रोशा ही सगळी कामे यंत्रावाचून होतात, आणि नव्याने शिकणाऱ्याला टाका खऱ्या अर्थाने कळतो तो हातानेच.

४. अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज एका पानाचा असावा. त्यात ध्येयधोरणे लिहू नका. कार्यकारी मंडळाला ज्या प्रश्नांची उत्तरे हवी असतात, तेवढीच द्या. नमुना असा:

*प्रति, मा. कार्यवाह, (ग्रंथालयाचे नाव). विषय: आठवड्यातून एक दिवस हातशिलाई व हस्तकला गटासाठी वाचनकक्ष वापरण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, आम्ही खाली सही करणारे या परिसरातील रहिवासी असून दर बुधवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत हातशिलाईचे काम एकत्र बसून करू इच्छितो. गटात जास्तीत जास्त १५ सदस्य असतील. शिलाई यंत्र, इस्त्री किंवा विजेचे अन्य उपकरण वापरले जाणार नाही. खोलीची स्वच्छता व सामानाची जबाबदारी गटाची राहील. सुरुवातीला सहा महिन्यांसाठी परवानगी द्यावी, ही विनंती.*

सहा महिन्यांची मुदत मुद्दाम लिहा. कायमची परवानगी द्यायला मंडळ कचरते, पण मुदतीची परवानगी सहसा नाकारली जात नाही, आणि काम नीट चालले तर मुदतवाढ मिळते. अर्जाची दुसरी प्रत घेऊन जा, तिच्यावर आवक क्रमांक व तारीख घालून घ्या, आणि मंडळाच्या सभेत ठराव झाला की त्याची प्रत मागून घ्या. पदाधिकारी बदलतात, नव्या कार्यवाहांना जुना तोंडी शब्द ठाऊक नसतो, ठराव मात्र इतिवृत्तात राहतो.

जवळ ठेवायची कागदपत्रे मोजकीच आहेत: सह्यांसह सदस्यांची यादी, संपर्क म्हणून दोघींच्या ओळखपत्रांच्या प्रती, ठरावाची प्रत, एक हजेरी वही आणि एक साहित्य नोंदवही. हजेरी वहीकडे दुर्लक्ष करू नका. ग्रंथालयाला आपल्या वार्षिक अहवालात उपक्रमांची नोंद करता येते, आणि तुमची वही नीट असेल तर ग्रंथपालांचे ते काम सोपे होते.

५. साहित्य

सामाईक पेटीत पुढील वस्तू असाव्यात: वेगवेगळ्या क्रमांकांच्या हातसुया (सुईचा क्रमांक जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते), दोन-तीन दाभणे, अंगुस्ताने, टाचण्या, मापाची टेप, कापड कापायची एक मोठी कात्री, दोरा तोडायला लहान कात्र्या, शिंप्याचा खडू, पांढरा व काळा सुती दोरा, गोधडीसाठी जाड सुती दोरा, मेणाचा तुकडा, सुईत दोरा ओवण्याची तार आणि एक लोहचुंबक. मोठ्या कात्रीला रंगीत फीत बांधून ठेवा आणि तिने कागद कापायचा नाही हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगा, कारण कागद कापला की कात्रीची धार जाते.

कापड विकत घेण्याची गरज नाही. घराघरांत जुन्या सुती साड्या असतात आणि जवळच्या शिंप्याकडे चांगले तुकडे उरलेले असतात. विचारले तर तो आनंदाने देतो. मात्र आलेले प्रत्येक कापड धुऊन, कडक उन्हात वाळवूनच ग्रंथालयात आणा. पुस्तकांना कसर आणि वाळवीचा धोका आधीच असतो, त्यात दमट कापडाची भर नको. पावसाळ्यात सामाईक कापड ग्रंथालयात ठेवूच नये. इतर वेळी ते झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, पुस्तकांच्या कपाटांपासून दूर ठेवावे.

६. पहिली बैठक

पहिल्या दिवशी उद्घाटन, हार, नारळ, भाषणे यांत वेळ जाऊ देऊ नका. आलेल्या प्रत्येकीच्या हातात दहा मिनिटांत सुई असली पाहिजे. वीतभर सुती कापडावर पाच टाके करून पाहावेत: धावदोरा, उलटी टीप, हेम, काजटाका आणि साखळी. ज्यांना येतात त्यांनी शेजारणीला शिकवावे. येथे एक अडचण हमखास येते. गटात एखाद्या काकू किंवा आजी अशा असतात की त्यांचा हात अतिशय सुंदर असतो, आणि नवीन मुलीचा वाकडा टाका पाहिला की त्या तो उसवून स्वतः घालून देतात. प्रेमानेच देतात, पण ती मुलगी पुढच्या बुधवारी येत नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत नियम करा, की दुसऱ्याच्या हातातील काम घ्यायचे नाही. आपल्या कापडावर करून दाखवायचे.

बसण्याची सोय दोन्ही प्रकारची हवी. गोधडीसाठी सतरंजी अंथरून जमिनीवर बसावे लागते, पण गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना खुर्ची-टेबलावर करता येईल असे भरतकाम किंवा क्रोशाचे काम द्यावे. गडद रंगाचे कापड संध्याकाळच्या उजेडात घेऊ नये.

७. पहिले काम: बाळाचे दुपटे

पहिलेच काम म्हणून मोठी गोधडी (आमच्याकडे वाकळ म्हणतात) घेण्याचा मोह होतो. तिला वेळ फार लागतो आणि गटाचा उत्साह मध्येच ओसरतो. बाळाचे दुपटे घ्या. ते लवकर पुरे होते, त्यात गोधडीची सगळी रीत येते, आणि ते हवे असणारे घर ओळखीत नेहमीच असते.

नेहमीची पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच लांब असते. जुनी, मऊ, सुती साडी निवडा. सिंथेटिक साडी सुईखाली सरकते आणि घाम शोषत नाही. प्रथम दोन्ही काठ कापून काढा. काठाला जरीचे काम असेल तर जरीचा एक धागाही राहू देऊ नका, कारण तो बाळाच्या कातडीला बोचतो. पदर जाड किंवा कडक असतो, म्हणून तोही बाजूला ठेवा. उरलेल्या साडीतून ३६ इंचांचे पाच चौकोन निघतात: एक वर, एक खाली आणि तीन आत. वरच्या थरासाठी दुसऱ्या साडीचा रंगीत तुकडा वापरणार असाल, तर तो आधी ओला करून पांढऱ्या कापडावर घासून पाहा. रंग उतरत असेल तर तो तुकडा दुपट्यात घालू नका.

आता खालचा चौकोन स्वच्छ सतरंजीवर उलटा पसरा आणि तळहाताने मधून कडांकडे सारवल्यासारखा सपाट करा. त्यावर एकेक थर याच रीतीने ठेवा आणि सर्वांत वरचा थर सुलटा घाला. एखाद्या थराला चुणी राहिली तर ती नंतर कधीच निघत नाही, म्हणून येथे घाई करू नका. कडांना टाचण्या लावा आणि मधोमध उभा, आडवा व तिरपा असा लांब टाक्यांचा कच्चा दोरा घाला. कच्चा दोरा झाला की टाचण्या लगेच काढून डबीत टाका.

कडा सारख्या कापून सर्व बाजूंनी अर्धा इंच आत दुमडा, किंवा दोन इंच रुंदीची सुती पट्टी कडेने दुमडून हेम घालून बसवा. पट्टीने काठ अधिक टिकतो, आणि कोपऱ्यात पट्टीची घडी नीट बसवणे हा नव्या हाताला उत्तम सराव आहे.

मग चौघींनी चार बाजूंना बसावे. प्रत्येकीने दोरा हातभरच घ्यावा; लांब दोऱ्याने वेळ वाचत नाही, उलट गाठी पडतात. दोरा मेणावरून एकदा ओढला की गुंता कमी होतो. गाठ थरांच्या मध्ये लपवावी, वर किंवा खाली राहू देऊ नये, कारण तीही बाळाला बोचते. पहिली ओळ काठाला लागून घालायची आणि मग बोटभर अंतर सोडून आतली ओळ, अशा एकात एक बसणाऱ्या चौकटी करत मध्याकडे जायचे. मध्याकडे जाताना कापड आत गोळा होऊ लागले, तर दोरा जास्त ओढला जात आहे असे समजावे. दर दोन ओळींनंतर दुपटे उलटून खालची बाजू पाहावी. सुई पाचही थरांतून गेली नसेल तर टाका वरून सुंदर दिसतो आणि पहिल्याच धुण्यात आतला थर सरकतो.

शेवटी कच्चा दोरा उसवा, दुपटे दोन्ही बाजूंनी हाताने चाचपून सुई किंवा टाचणी राहिली नाही याची खात्री करा, आणि एकदा लोहचुंबकही फिरवा. नंतर धुऊन उन्हात वाळवा. बटणे, मणी, आरसे बाळाच्या दुपट्यावर लावू नयेत. आग्रह कोणाचाही असो.

पुढे मोठी गोधडी करायची झाली तर हिशेब असा धरा: एका पाचवारी साडीचे सात फुटांचे दोन तुकडे लांबीकडून एकमेकांना जोडले की ५ फूट बाय ७ फूट मापाचा एक पूर्ण थर कापून निघतो. चार-पाच थरांच्या गोधडीला तितक्या साड्या लागतात.

८. वाचनाची जोड

गट ग्रंथालयाचा व्हावा असे मी म्हटले, त्याचा अर्थ मुख्यतः हा. प्रत्येक बैठकीत वीसेक मिनिटे एकीने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी शिवत ऐकावे. कथा, प्रवासवर्णन, आत्मचरित्र, जुने दिवाळी अंक, काहीही चालते. फक्त एका बैठकीत संपेल असा मजकूर निवडावा. वाचण्याची पाळी ठरवून द्यावी, पण ज्यांना वाचता येत नाही किंवा संकोच वाटतो त्यांच्यावर सक्ती करू नये. आमच्या गटात वर्षानुवर्षे पुस्तक हातात न घेतलेल्या मावशी ऐकता ऐकता गोष्ट अर्धी राहिली म्हणून पुस्तक घरी मागू लागल्या, आणि त्यासाठी अनामत व वर्गणी भरून ग्रंथालयाच्या सभासद झाल्या. सभासदत्वाची अट पहिल्याच दिवशी घालू नका, पण दोन-तीन महिन्यांनी अर्ज सर्वांपुढे ठेवा.

शिवणकामाची पुस्तके कोठे आहेत, तेही ग्रंथपालांना विचारा. ड्यूई दशांश पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात शिवणकाम व कपडे बेतणे ६४६ या क्रमांकाखाली, आणि विणकाम, भरतकाम, गोधडीकाम ७४६ खाली सापडते. हे दोन फळ्यांवरचे वेगळे कप्पे असल्यामुळे पुष्कळ जणी एकच पाहून परततात.

ग्रंथालयासाठीही काही शिवा. पुस्तके नेण्याच्या कापडी पिशव्या, बालविभागातील गोष्टींसाठी हातबाहुल्या, खिडक्यांचे पडदे ही कामे गटाला सहज जमतात. फाटलेल्या पुस्तकांना मात्र सुई लावू नका. पुस्तकबांधणी हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि जुन्या ठिसूळ पानांत चुकीच्या जागी टोचलेली सुई ते पान कायमचे फाडते.

९. उठण्यापूर्वीची पाच मिनिटे

सुया मोजून द्याव्यात आणि मोजून परत घ्याव्यात. संख्या जुळली नाही तर सापडेपर्यंत कोणी उठायचे नाही, हा नियम कडक ठेवा. संध्याकाळी त्याच जमिनीवर लहान मुले बसून चित्रांची पुस्तके पाहतात. सतरंजी बाहेर नेऊन झटका, केर काढा, दोऱ्यांचे तुकडे पंख्यात किंवा कपाटांखाली जाऊ देऊ नका. खाण्याचे पदार्थ पुस्तकांच्या खोलीत आणू नका. संक्रांतीचे तिळगूळ असोत की हळदीकुंकवाची खिरापत, ते ओसरीवर किंवा अंगणात वाटावे, कारण साखरेच्या मागे मुंग्या येतात आणि मुंग्यांच्या मागे तक्रारी.

१०. पैसे आणि विक्री

दोरा, सुया, मेण यांसाठी सर्वांनी थोडी वर्गणी काढावी. ती एकीने स्वीकारावी, दुसरीने वहीत लिहावी, आणि दर महिन्याला हिशेब वाचून दाखवावा. रक्कम लहान असली तरी हे करा. हस्तकलेचे गट कामावरून क्वचित आणि हिशेबावरून पुष्कळदा मोडतात. ग्रंथालयाला देणगी द्यायची असेल तर ती संस्थेच्या पावती पुस्तकातील पावती घेऊनच द्यावी, कारण संस्थेच्या हिशेबाची तपासणी होते.

शिवलेल्या वस्तूंना मागणी आली की विक्रीचा विषय निघतोच. विक्री करू नये असे माझे म्हणणे नाही; घरखर्चाला हातभार लागणे ही अनेकींची खरी गरज असते. पण ग्रंथालयाच्या नावाने, त्याच्या पत्त्यावर किंवा परवानगीच्या वेळेत विक्री करू नये. ज्यांना हा व्यवसाय म्हणून करायचा आहे त्यांनी स्वतंत्र बचत गट करावा, त्याचे वेगळे बँक खाते उघडावे, आणि मार्गदर्शनासाठी महिला आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात किंवा ग्रामीण भागात असाल तर ‘उमेद’ अभियानाच्या तालुका कार्यालयात चौकशी करावी. बुधवारची बैठक मात्र शिकण्या-शिकवण्यासाठीच ठेवावी. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी हजेरी वही, साहित्य नोंदवही आणि ग्रंथालयासाठी केलेल्या कामांची यादी जोडून मुदतवाढीचा अर्ज कार्यवाहांकडे द्यावा, म्हणजे तो मंडळाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर वेळेत येतो.